डेअरीचं काम घेऊ, की निराधारचा पगार ठेवू?

पत्र

ताई, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला. वय ३६. सहा वर्षांपूर्वी मळणी मशीनमध्ये उजवा हात मनगटापासून गेला. ६० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे. संजय गांधी निराधारचा पगार चालू आहे, आधी दीड हजार यायचे, आता अडीच हजार येतात. बायको द्राक्षबागेत मजुरीला जाते. ३०० रुपये हजेरी, पण वर्षातून चार महिन्यांच्या वर काम लागत नाही. तिला लाडकी बहीणचे दीड हजार येतात. मुलगी चौथीत आहे. वाटणीला १२ गुंठे आली, ती पडीक. उत्पन्नाचा दाखला ३६ हजारांचा.

गावात माझ्या शाळेतल्या मित्राने दूध संकलन केंद्र टाकलंय. तो म्हणतो, सकाळ-संध्याकाळ दुधाचं फॅट काढ, कॉम्प्युटरवर नोंद कर, महिना ६ हजार देतो. मला काम करायचंय ताई. बसून बसून डोकं फिरतं. रात्री नसलेल्या बोटांना मुंग्या येतात, मूठ आवळल्यासारखी दुखते, झोप लागत नाही. पण काम धरलं की पगार बंद होणार. आणि उद्या केंद्र बंद पडलं तर काय?

थोरला भाऊ पारावर चारचौघांत म्हणतो, "हा सरकारचा जावई, याला कशाला काम पाहिजे?" मी काही आमच्या गल्लीतल्या त्या पोरासारखा नाही, जो जन्मापासून खाटेवर पडून आहे. माझे पाय धड आहेत, डोकं धड आहे. तरी मी फुकटचं खातोय का? एक जण सांगतो, काम कर आणि कुणाला सांगू नको, पगारही चालू ठेव. काय करू?

तुमचा एक भाऊ

उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. तुमच्या प्रश्नातला अर्धा भाग हिशेबाचा आहे. तो मांडल्याशिवाय बाकीचं बोलून उपयोग नाही.

डेअरीचे महिना ६,००० म्हणजे वर्षाचे ७२,०००. वहिनींच्या मजुरीचे ३६,००० त्यात घातले की घरचं उत्पन्न १,०८,०००. निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला ५०,०००. म्हणजे काम धरलं की अडीच हजार गेले, वर्षाचे ३०,०००. बहात्तर मिळवायचे आणि तीस घालवायचे. हातात पडले बेचाळीस हजार, महिन्याला साडेतीन हजार. त्यासाठी पहाटे पाचला उठायचं, दोन्ही वेळ केंद्रावर उभं राहायचं, आणि दुधाच्या धंद्यात सणवार नाही की रविवार नाही.

दुसऱ्या शब्दांत सांगते. तुम्ही शंभर रुपये कमावलेत की त्यातले जवळजवळ बेचाळीस रुपये या ना त्या वाटेने परत जातात. या देशात कोट्यवधी कमावणाऱ्याला आयकराचा सर्वांत वरचा दर लागतो तो अधिभार सोडून ३० टक्के. एका हाताने फॅट काढून सहा हजार मिळवणाऱ्या माणसाकडून आपण त्याहून जास्त काढून घेतो, आणि मग पारावर बसून विचारतो की हा काम का करत नाही.

वहिनींना लाडकी बहीणचे पैसे येतात हे तुम्ही सहज लिहून गेलात. त्या योजनेची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. ते पैसे त्यांना मिळतात याचा मला आनंदच आहे, एक रुपयाही कमी होऊ नये. पण एकाच छपराखाली, एकाच रेशनकार्डावर, बायकोसाठी रेषा अडीच लाखांवर आणि हात गेलेल्या नवऱ्यासाठी पन्नास हजारांवर, हे मला कुणी समजावून सांगावं. पन्नास हजार म्हणजे सगळ्या घराला मिळून दिवसाला १३७ रुपये. वहिनींना बागेत आणखी दोन महिने काम लागलं असतं तर तेवढ्यानेच तुम्ही रेषेच्या वर गेला असता. घरातल्या बाईने जास्त कष्ट केले म्हणून नवऱ्याचा आधार जावा, अशी ही मर्यादा आहे. मग माणसं दाखल्यावर खोटा आकडा घालतात, तलाठ्याला ते माहीत असतं, तहसीलला माहीत असतं, आणि सगळे मान खाली घालून शिक्के मारतात. प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला लावणारा नियम वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या थोरल्या भावाबद्दल. त्यांच्या नावावर सातबारा असेल तर पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० त्यांच्या खात्यावर येत असणार. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला २०२४ पासून वीजबिल माफ आहे. ते मिळायलाच हवं. शेतकऱ्याच्या मालाला भाव नसतो, पाऊस त्याच्या हातात नसतो, म्हणून समाज त्याच्या पाठीशी उभा राहतो. तुमचा हात तुमच्या हातात नव्हता, मशीनच्या पट्ट्यात होता. मग त्यांच्या खात्यावर आला तो सन्मान निधी, आणि तुमच्या खात्यावर आलं ते फुकटचं? हे त्यांना पारावर ऐकवू नका. घरी, दोघंच असताना, आई असेल तर तिच्यासमोर शांतपणे विचारा. तो टोमणा मारताना त्यांच्याही मनात काहीतरी सलत असेल. बऱ्याच घरांत ज्याच्या डोळ्यांदेखत अपघात झाला तोच पुढे सगळ्यात कडवट बोलतो, हे मी पाहिलंय. मशीनवर त्या दिवशी कोण होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

मजूर मिळत नाहीत, सरकारने फुकट वाटून लोकांना आळशी केलं, हे सध्या गावोगाव ऐकू येतं. बागायतदाराची अडचण खोटी नाही. छाटणीच्या दिवसांत माणूस मिळेना की जीव टांगणीला लागतो. पण अडीच हजार रुपये म्हणजे वहिनींच्या आठ दिवसांच्या हजेऱ्या. तेवढ्यावर महिनाभर कुणी आळशी होऊन दाखवावं. आणि ज्याच्याबद्दल आपण बोलतोय त्या माणसाला सहा वर्षांत कुणी कामाला बोलावलेलंच नव्हतं. पहिल्यांदा बोलावलं, तर तो मला पत्र लिहून विचारतोय की कसं येऊ.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि सुकडीचं खाणं मिळतं म्हणून मी तिच्या मागे. त्या कामावर एका पायाने अधू असलेले एक काका होते. घण त्यांच्याने उचलत नव्हता, पाटी घेऊन चालता येत नव्हतं. मुकादमाने त्यांना पाण्यावर ठेवलं. लिंबाखाली रांजण, त्यावर ओलं गोणपाट, आणि काकांच्या हातात पितळी तांब्या. बायकांनी ढिगावरून उठून यावं असं त्यांनी कधी केलं नाही. ते स्वतः पाय ओढत ढिगापर्यंत जायचे, तांब्या तिरका धरून ओंजळीत धार सोडायचे, आणि लहान पोरांना आधी द्यायचे. आठवड्याला हजेरीपटावर त्यांचाही अंगठा उठायचा. कुणी म्हटलं नाही की हा फुकटचा घेतो. काम मोठं होतं, माणसं तहानलेली होती, आणि मुकादमाने एका माणसासाठी त्याला जमेल अशी जागा करून दिली होती.

त्या दुष्काळातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा आला. १९७७ साली मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना त्याआधीच, १९६५ मध्ये, तुमच्याच तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. खर्चासाठी व्यवसाय कर बसला. पगारदारांच्या चिठ्ठीवर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात, त्या कराचं मूळ तिथे आहे. पुढे १९८० साली, अंतुले मुख्यमंत्री असताना, निराधार योजना सुरू झाली. म्हणजे ज्याला काम करता येतं त्याच्यासाठी एक कायदा, आणि ज्याला येत नाही त्याच्यासाठी एक योजना. दोन्ही चांगल्या. पण तुम्ही बरोबर त्यांच्या मधे उभे आहात. काम करू शकता, पण कुठलंही नाही आणि कुणाच्याही तोडीने नाही. तुम्हाला काम हवं आणि वर थोडा आधारही हवा. टक्केवारीच्या कागदावर त्या मधल्या माणसाला जागा नाही. साठ टक्के म्हणजे हात किती गेला ते कळतं. दिवस कसा जातो ते त्यात लिहिलेलं नसतं. मोटारसायकल चालवता येत नाही म्हणून रिक्षाला किती जातात, पोतं उचलायला कुणाला किती द्यावे लागतात, हे कुठल्या रकान्यात येतं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २४ वं कलम म्हणतं की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच योजनेत इतरांना मिळते त्यापेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. अपंगत्व अंगावर पडलं की जगणंच महाग होतं, हे कायद्याला कळलेलं आहे.

काम आणि मदत यांतलं एकच निवडा असं राज्यघटना म्हणत नाही. ४१ वं कलम काढून बघा. कामाचा हक्क आणि आजारपण, म्हातारपण, अपंगत्व यांत मदत मिळण्याचा हक्क, दोन्ही एकाच वाक्यात लिहिलेले आहेत. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही, हे खरं. तरी त्या वाक्यात ‘किंवा’ नाही, ‘आणि’ आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की तुम्ही फुकटचं खात नाही. आजवर खाल्लं नाही, आणि उद्या काम मिळालं नाही तरी ते फुकटचं ठरणार नाही.

इथे एका गोष्टीवर मी तुमच्याशी भांडणार आहे. "त्या खाटेवरच्या पोरासारखा मी नाही," असं तुम्ही लिहिलंत. का लिहिलंत ते कळतं. टोमणे खाल्लेला माणूस आपल्यापेक्षा खाली कुणीतरी शोधतो. पण त्या पोराच्या आईने हे वाचलं तर? ती त्याला दिवसातून चार वेळा कूस बदलून देते, भात कालवून मऊ करून भरवते, आणि त्याच निराधारच्या पैशांतून औषध आणते. तो कधीच काम करणार नाही. तुमचा मान जर कामावर ठरला, तर त्याला मानच उरत नाही. भावाचा टोमणा तुम्ही त्या खाटेकडे ढकलू नका.

आता काय करायचं ते.

काम घ्या. पत्रात तुम्ही पगाराबद्दल जेवढं लिहिलंय त्याहून जास्त बसून राहण्याबद्दल लिहिलंय, म्हणून सांगते. पण सहा हजारांवर लगेच हो म्हणू नका. वरचा हिशेब मित्रासमोर मांडा. त्याला सांगा की तुझे सहा हजार माझ्या घरात साडेतीन होऊन पोचतात. आठ मागा. रोख देणं त्याला जड जात असेल तर रोज लिटरभर दूध घरी द्यायचं ठरवा. चौथीतल्या मुलीच्या घरात त्याची किंमत मोठी. पहिले तीन महिने दोघांनी एकमेकांना पाहायचे, असंही ठरवून घ्या. चाळीस लिटरचा कॅन एका हाताने उचलायला जाऊ नका. मैत्रीत माणूस नको तेवढा जोर लावतो आणि कंबर धरून बसतो. उचलायला पोरगा ठेवायचा, हे पहिल्या दिवशीच बोला. नमुन्याची बाटली धरायला सुताराकडून भोकं पाडलेला लाकडी ठोकळा करून घ्या, बाटली त्यात उभी राहिली की डावा हात मोकळा. कीबोर्ड डावीकडे सरकवा. मोठा खर्च कशालाच नाही.

काम लपवून पगार चालू ठेवा, असं मी सांगणार नाही. गावात दूध घालायला दोनशे जण येणार आणि तुम्ही फॅट काढताना त्या सगळ्यांना दिसणार. कुणीतरी अर्ज करेल, वसुली निघेल, आणि ज्या मुठीच्या दुखण्याने झोप लागत नाही त्यात या एका धास्तीची भर पडेल. पण घाईघाईने, पहिल्याच दिवशी पगार सोडूनही देऊ नका. उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर मिळतो, आणि मागच्या वर्षी तुमचं उत्पन्न खरोखर ३६ हजारच होतं. त्यात खोटं काही नाही. तहसीलच्या संजय गांधी शाखेत जा, नायब तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज द्या, की अमुक तारखेपासून अमुक मानधनावर काम धरलंय, माझ्या प्रकरणात नियमाने काय होईल ते लेखी कळवावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. पुढचा दाखला काढाल तेव्हा खरा आकडा सांगा, मग पगार बंद झाला तर होऊ द्या.

केंद्र बंद पडलं तर? ही तुमची भीती सगळ्यात खरी आहे. नव्याने अर्ज करता येतो, पण मंजुरीला वेळ लागतो. माझ्या नात्यातल्या एका बाईने एका तालुक्याच्या कचेरीत आठ महिने खेटे घातले, दर खेपेला एखादा कागद कमी निघायचा. म्हणून जुन्या मंजुरीच्या पत्रापासून सगळ्या कागदांची एक फाईल करून ठेवा, आणि पोस्टात महिना ५०० चं आवर्ती खातं उघडा. ते पैसे केंद्र बंद पडण्याच्या दिवसासाठी, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.

पगार गेला तरी सगळं जात नाही. दिव्यांग ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढलं नसेल तर काढा. एसटीत ७५ टक्के सवलत कायम राहते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कशावर खर्च झाले ते ग्रामसभेत उभं राहून विचारा, आणि त्या खाटेवरच्या पोराचंही नाव घ्या. ही पाळी ज्यांच्यावर नुकतीच आली असेल त्यांच्यासाठी इथेच लिहिते: शेतकरी कुटुंबात अपघाताने एक हात, पाय किंवा डोळा गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि मुदत फक्त ३० दिवसांची. रुग्णालयाच्या धावपळीत ती निघून जाते, म्हणून कुणीतरी एकाने कागदांच्या मागे लागावं.

मर्यादा वाढावी, काम धरल्यावर दोन-तीन वर्षं पगार निम्म्याने तरी चालू राहावा, ही मागणी तुम्ही एकट्याने करायची नाही, आपण सगळ्यांनी करायची आहे. माजी आमदार बच्चू कडू यांनी जून २०२५ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला उपोषण केलं तेव्हा दिव्यांगांना महिना ६,००० द्या अशी मागणी होती. त्यानंतर ऑक्टोबरपासून दिव्यांगांचे दीड हजारांचे अडीच हजार झाले. रक्कम वाढली, पन्नास हजारांची रेषा तिथेच राहिली. आमदारांना भेटाल तेव्हा रकमेबरोबर रेषेचंही बोला.

राहिलं ते तुमच्या रात्रीच्या दुखण्याचं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मला ते सगळ्यात जास्त लागलं. नसलेली बोटं दुखतात हा वेडेपणा नाही. हात गेलेल्या पुष्कळ लोकांना हे होतं, मेंदूत त्या हाताची जागा अजून जागी असते. मेंदूतज्ज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर आरशाचा उपाय दाखवला. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण काहींना चांगला आराम पडतो. छातीसमोर आरसा उभा ठेवायचा, त्याची कड छातीकडे आणि काच डाव्या हाताकडे. उजवा हात आरशाच्या मागे, डावा पुढे. डावीकडून आरशात पाहिलं की उजवा हात जागेवर असल्यासारखा दिसतो. मग डावी मूठ हळूहळू उघडायची, मिटायची, आणि डोळे आरशावर ठेवायचे. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या, पण आजपासून करायला हरकत नाही. कपाटाच्या दाराला आरसा असेल तर दार अर्धं उघडून त्याच्या कडेसमोर तसंच बसलात तरी चालतं. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं करा, आणि मोजायला मुलीला शेजारी बसवा.

तुमची ताई